सतरा तारखेचं कार्ड

शिवणआजींच्या घरी सकाळची प्रार्थना म्हणजे उरकून टाकायचं काम नव्हतं. आधी मशीनवरचं कापड उतरायचं. मग टाचण्या, खडू, मापाची फीत, दोऱ्यांची रिळं सगळी एका खोक्यात जाऊन बसायची. मग आजी चष्मा पुसायच्या, हात पुसायच्या, आणि बटणांच्या डब्याच्या झाकणात उभं केलेलं कार्ड दोन्ही हातांनी उचलायच्या, जसं कुणी झोपलेलं मूल उचलतं.

महिन्याचे दिवस एकतीस, म्हणून कार्डंही एकतीस. प्रत्येकावर परदेशातल्या कुणाचा तरी फोटो आणि खाली तीन ओळी, याच्यासाठी काय मागावं त्याच्या. मिशन मंडळ दर वर्षी हा गठ्ठा छापायचं, आणि मंडळीतल्या एकशेचाळीस घरांत तो न्याहारीच्या टेबलावर, साखरेच्या भांड्याशेजारी जाऊन बसायचा.

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून आजींचं चर्चला येणं थांबलं होतं. आठ महिने झाले, पाळकच महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जायचे. या वेळी नेमकी सतरा तारीख आली.

"आज माझ्या लाडकीचा दिवस," आजी म्हणाल्या. "बसा पाळकसाहेब. तिला भेटल्याशिवाय चहा नाही मिळायचा."

आजींना मशीनच्या तालावर ओव्या जुळवायची सवय. पाय थकले तरी ताल थकला नव्हता. त्या गुणगुणल्या:

सतराव्या दिवशी बाई, दिवा ठेविते दारात,
सात समुद्रांच्या पार लेक माझी अंधारात.

मग त्यांनी कार्ड डोळ्यांशी धरून वाचलं. "ही स्त्री अंधारात चाचपडत आहे. तारणाऱ्याचं नाव तिने अजून ऐकलेलं नाही. तिच्यापर्यंत प्रकाश पोहोचावा म्हणून प्रार्थना करा." पाळकांनी सवयीने डोळे मिटले. आजी मागू लागल्या, "प्रभू, एकदा, फक्त एकदा हिच्या कानावर तुझं नाव पडू दे. कुणाला तरी पाठव रे हिच्या दाराशी. माझे पाय धड असते तर मीच गेले असते." बोलता बोलता त्या मुसमुसू लागल्या. रुमाल द्यावा म्हणून पाळकांनी डोळे उघडले, आणि त्यांची नजर कार्डावर पडली.

रुमाल हातातच राहिला.

ती सुईणबाई होती. रुंद कपाळ, कानामागे खोचलेली पांढरी बट, हनुवटीवरचा तीळ. मान खाली, डोळे मिटलेले. हा फोटो त्यांनीच काढला होता.

"आजी, हे कार्ड... कधीपासून आहे तुमच्याकडे?"

"चार वर्षं झाली की! दर वर्षी नवा गठ्ठा येतो, त्यात नवी माणसं येतात, पण ही आपली सतरालाच. म्हणजे बिचारीनं अजून ऐकलं नाही. मला तर बाई कधी कधी देवाचाच राग येतो."

पाळक उठले. चहा राहिला, आशीर्वाद राहिला, छत्रीसुद्धा कोपऱ्यात राहिली. "मी ते कार्ड नेऊ का आजचा दिवस?" एवढंच म्हणाले आणि निघाले.

तडक ते मिशन मंडळाच्या ऑफिसच्या रस्त्याला लागले. पाळक गेली नऊ वर्षं दर वर्षी सहा आठवडे परदेशात शिकवायला जायचे. तिथल्या गावोगावच्या उपदेशकांसाठी एक शाळा होती: पत्र्याचं छप्पर, लाकडी बाकं, खिडक्यांना काचा नाहीत. तिथली भाषा ते मोडकीतोडकी बोलायचे, पण बोलायचे. पहिल्याच वर्षी त्यांनी वर्गात सांगितलं होतं, की बाळ जन्मलं की आनंदाच्या भरात आई आपल्या कळा विसरते, तसं आपलं दुःख आहे. मागच्या बाकावरून एक हात वर आला.

"गुरुजी, विसरते असं कोण म्हणालं?"

"शास्त्रात आहे बाई."

"असेल. शास्त्राशी माझं भांडण नाही. पण बत्तीस वर्षं मी खाटेच्या पायथ्याशी बसते. एकही विसरलेली नाही पाहिली. बाळ हातात दिलं की ती कळा बाजूला ठेवते. विसरत नाही, बाजूला ठेवते. पुन्हा लागल्या तर हाताशी असाव्यात म्हणून."

वर्ग हसला होता. पाळकही हसले होते, आणि हसता हसता ते वाक्य त्यांनी वहीत उतरवून घेतलं होतं. इथे येऊन प्रवचनात ते तीनदा वापरलं होतं, 'एक अनुभवी बाई म्हणतात' असं म्हणून.

अंधार म्हणे! जिच्या पणजीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पाळकांच्या चर्चची वीटसुद्धा भाजलेली नव्हती. जी रोज सकाळी कापड गिरणीच्या फाटकाशी, कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी, चाळीस बायकांची प्रार्थना घ्यायची. थंडी असो, धुकं असो, एखादीचं बाळंतपण नुकतंच उरकून आलेली असो. हा फोटो त्या फाटकाशीच काढलेला होता. डोळे मिटलेले होते कारण ती प्रार्थना करत होती! प्रार्थना करणाऱ्या बाईचा फोटो काढायचा आणि खाली लिहायचं, हिने नाव ऐकलेलं नाही. पाळकांनी रस्त्यातच "अरे!" असं मोठ्याने म्हटलं. समोरून येणारा पोस्टमन सायकल वळवून बाजूने गेला.

मिशन मंडळाचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. भिंतीवर जगाचा नकाशा, नकाशावर रंगीत टाचण्या, टेबलांवर नव्या वर्षाचे गठ्ठे रचलेले, प्रत्येकाला पिवळ्या कागदाची पट्टी. शाईचा ताजा वास. सचिव आणि पाळक एकाच वर्गात शास्त्र शिकलेले, त्यामुळे दोघांत अहो-जाहो कधी आलंच नाही.

"हे कोणी लिहिलं?" पाळकांनी कार्ड टेबलावर आपटलं.

"आधी बस. पाणी घे."

"पाणी नको मला! कोणी लिहिलं?"

सचिवांनी कार्ड उचललं, लांब धरलं, जवळ धरलं. "सतरा. चांगलं चालतं हे कार्ड. सगळ्यांत जास्त पत्रं हिच्यासाठी येतात. काय चुकलं?"

"काय चुकलं? अरे, ती चार पिढ्यांची ख्रिस्ती आहे. ती मला शिकवते. मी तुला स्वतःच्या हाताने लिहून पाठवलं होतं!"

सचिव शांतपणे उठले. माणूस वाईट नव्हता. फाईली नीट ठेवणारा होता. त्यांनी सतरा नंबरची फाईल काढली. तिच्यात पाळकांच्या अक्षरातला कागद होता. 'या सुईण आहेत. रोज पहाटे गिरणीच्या फाटकाशी प्रार्थना घेतात. मला त्यांच्याकडून शिकायला मिळतं. जमिनीवर बसून बसून त्यांचे गुडघे गेले आहेत. त्यांच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करा.' त्यावर लाल पेन्सिलीची एक तिरपी रेघ.

"आता तूच सांग," सचिव म्हणाले. "गुडघ्यांसाठी कोण रडतं रे? लोक सकाळी घाईत असतात. एका हातात पाव, एका हातात कार्ड. त्यांना दया यायला हवी. दया आल्याशिवाय माणसं डोळे मिटत नाहीत. बावीस वर्षं या खुर्चीत बसून एवढं तर शिकलोय."

"म्हणून खोटं छापायचं?"

"मजकूर जरा नीट केला. आणि असं बघ, अंधारात कोण नाही? तू आहेस, मी आहे."

"मग तुझा फोटो छाप सतराला!"

शेजारच्या टेबलावरची टंकलेखिका खोकली. तिला हसू आलं असावं. सचिवांचा चेहरा पहिल्यांदाच कडक झाला. त्यांनी फाईलमधून आणखी पाच कागद काढले आणि पत्ते मांडावेत तसे एकेक करून मांडले. चार वर्षांची चार प्रुफं आणि नव्या गठ्ठ्याचं पाचवं. प्रत्येकावर तेच तीन वाक्यांचं खोटं, आणि प्रत्येकाच्या खाली निळ्या शाईत: 'तपासले. बरोबर आहे.' आणि सही.

सही पाळकांची होती.

"तू न वाचता सही करतोस. मी निदान वाचून छापतो," सचिव म्हणाले. "दोघांत जास्त चूक कोणाची?"

"तुझी!" पाळक गरजले. पण आवाजात मघाचा पीळ उरला नव्हता.

"असेल. पण एकशेचाळीस गठ्ठे बांधून झालेत. शुक्रवारी चर्चमध्ये पोहोचतील, रविवारी वाटायचे. पुढच्या वर्षी बघू काय करता येईल ते."

पुढच्या वर्षी. म्हणजे आणखी बारा सतरा तारखा, एकशेचाळीस टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर ती बाई मान खाली घालून अंधारात बसलेली. पाळक जिना उतरले. एरवी हा जिना ते दोन-दोन पायऱ्या उतरायचे. आज एकेक पायरी मोजल्यासारखी उतरले.

घरी पाळकीणबाई मटार सोलत होत्या. पाळकांनी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं, सचिवांवर तोंडसुख घेतलं, मंडळावर घेतलं, लाल पेन्सिल शोधून काढणाऱ्यावर घेतलं. सहीचं मात्र शेवटी आणि भरभर सांगितलं, जसं मूल फुटलेल्या कपाचं सांगतं.

पाळकीणबाईंनी ऐकून घेतलं. मग उठल्या, कपाटाचा खालचा खण उघडला आणि चार गठ्ठे आणून मटारांशेजारी ठेवले. चारही गठ्ठ्यांच्या पिवळ्या पट्ट्या शाबूत होत्या.

"हे काय?"

"तुमची कार्डं. चार वर्षांची. यातलं एक जरी उघडलं असतंत, तर पहिल्याच सतराला कळलं असतं."

"अगं, मला कार्ड कशाला? मी त्या लोकांना ओळखतो!"

"ओळखता म्हणून तर बघायला हवं होतं. आम्ही काय, आम्ही छापलेलं वाचणार. आणि दर महिन्याच्या पत्रकात 'रोजच्या प्रार्थनेत कार्डं वापरा' असं ठणकावून लिहितं कोण? शेजारचे?"

"मी रोज पहाटे तासभर प्रार्थनेला बसतो," पाळक ताठरपणे म्हणाले.

"बसता की. मी स्वयंपाकघरातून ऐकते ना. निम्मा वेळ देवाला तुमच्या धड्यांची टिपणं वाचून दाखवता." त्यांनी एक शेंग उघडली. आत दाणा नव्हता. "राग आलाय ना? येऊ दे. चांगला राग आहे. फक्त सगळा त्या ऑफिसात ठेवून येऊ नका. थोडा घरीही आणा."

पाळकांना आणखी राग आला. आणि तो कुठे ठेवावा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सुईणबाईंना फोन लावला. तिकडे तेव्हा सकाळ होती. मागे कुठेतरी बादलीत पाणी पडत होतं. पाळकांनी माफी मागायची वाक्यं कागदावर लिहून ठेवली होती. पहिलं वाक्य अर्ध्यावर असतानाच पलीकडून आवाज आला.

"ते कार्ड ना गुरुजी? माझ्याकडे आहे."

"तुमच्याकडे?"

"तुमच्याकडचे दोन पाहुणे शाळा बघायला आले होते, त्यांच्या पुस्तकातून पडलं. मला तुमची भाषा वाचता येईना म्हणून ती जाणणाऱ्या आमच्या शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेतलं. मास्तर वाचायलाच तयार होईनात. मी म्हटलं, वाचा." पाण्याचा आवाज थांबला. "दीड वर्ष झालं."

"मागच्या वर्षी तुम्ही वर्गाला आला नाहीत. बाळंतपणं होती म्हणालात."

"बाळंतपणं रोजच असतात, गुरुजी."

मागच्या वर्षी मागच्या बाकावरचा तो हात वर आला नव्हता. वर्ग कसा शांत, सुरळीत गेला, असं पाळकांनी अहवालात लिहिलं होतं.

"मला वाटलं, तुम्हीच लिहिलंत," सुईणबाई म्हणाल्या. "वाटलं, समोर हसतात, वहीत लिहून घेतात, आणि घरी जाऊन हे सांगतात. माझी पणजी असती ना, तर तुमचा कान पिळला असता तिनं. मी नाही पिळला. मी आलेच नाही, बस."

"मी लिहिलं नाही. पण... मी त्याच्याखाली सही केली. न वाचता."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग होता की थकवा, कळत नव्हतं. "आता ठेवते. पहिलटकरीण आहे, वेळ लागेल." आणि फोन बंद झाला. क्षमेचा शब्द नाही, निरोपाचाही नाही. कागदावरची बाकीची वाक्यं पाळकांच्या हातात तशीच राहिली.

त्याच संध्याकाळी ते शिवणआजींकडे गेले. छत्री न्यायच्या निमित्ताने. सांगणं भाग होतं, आणि सांगताना त्यांची नजर मशीनच्या चाकावर खिळली होती. आजींनी सगळं ऐकलं. त्या रडतील असं पाळकांना वाटलं होतं. म्हातारं माणूस, चार वर्षांची आसवं, ती अशी फुकट गेली म्हटल्यावर.

आजी रडल्या नाहीत. भडकल्या.

"म्हणजे तिचे गुडघे दुखतात?"

"हो. पण आजी, मुद्दा तो नाही..."

"तोच आहे! चार वर्षं तुम्ही लोकांनी मला तिच्या गुडघ्यांचं सांगितलं नाही? अहो, अंधाराबिंधाराचं मला काय कळतंय? मी आपली मोठ्या माणसांनी लिहिलंय म्हणून मागत होते, घशाला कोरड पडेपर्यंत. गुडघ्यांचं मला कळलं असतं! पायरी उतरताना कसा जीव जातो ते मला कळलं असतं! कुठल्या कुशीवर झोपलं की जरा बरं वाटतं, तेसुद्धा मागितलं असतं मी तिच्यासाठी." त्यांनी मशीनचं चाक उगाचच एकदा फिरवलं. "आणि तुम्ही प्रवचनात सांगता ती 'बाजूला ठेवते' म्हणणारी अनुभवी बाई? ती कोण?"

"तीच."

"तीच!" आजींनी हात कपाळाला लावला. "जिचं वाक्य मी नातींच्या बाळंतपणांत सांगत फिरले, तिलाच देवाचं नाव कळू दे म्हणून देवाकडे मागत बसले. काय म्हणाला असेल तो वरती!"

मग त्या विचार करू लागल्या. उलटी बाही बसलेला सदरा पाहावा तसा त्यांनी चेहरा केला.

"रविवारी नवे गठ्ठे वाटायचेत ना? त्यात पुन्हा ही आहे, अशीच?"

"अशीच. मी म्हणतोय, गठ्ठे वाटायचेच नाहीत. परत पाठवतो सगळे."

"म्हणजे ती घराघरांतूनच गेली. हे कुठलं शहाणपण? शिवण चुकली तर उसवायची. कापड नाही फेकायचं. शनिवारी सगळे गठ्ठे इथे घेऊन या. आणि पाळकीणबाईंनाही आणा. तुमच्या हातात कात्री द्यायला मला धीर होत नाही."

शनिवारी दुपारी आजींच्या टेबलावर एकशेचाळीस गठ्ठे आले. पाळक पिवळ्या पट्ट्या सोडवून सतरावं कार्ड काढायचे, आजी आपल्या मोठ्या कात्रीने फोटोखालचा मजकूर सरळ रेषेत कापायच्या, पाळकीणबाई मागे कोरा कागद चिकटवून कार्ड पुन्हा जागेवर लावायच्या. खालचा तुकडा टोपलीत. अंधार, नाव, प्रकाश, सगळं लांब लांब पट्ट्या होऊन टोपलीत साठत गेलं. कात्रीचा आवाज होता, कचाक, कचाक, आणि त्या आवाजात पाळकांना चार दिवसांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

तिसऱ्या तासाला सचिव आले. कुणीतरी सांगितलं असणार. दारातच उभे राहिले.

"हा मंडळाचा छापील मजकूर आहे," ते म्हणाले.

"होता," शिवणआजी म्हणाल्या. "चपला काढून आत या नाहीतर बाहेर उभे राहा. दार अडवू नका, मला उजेड लागतो."

सचिव बाहेर उभे राहिले, आणि थोड्या वेळाने निघून गेले.

रविवारी शिवणआजी चर्चला आल्या. बेकरीवाला आणि त्याचा भाऊ, दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून आणलं. आठ महिन्यांनी त्यांना पाहून मंडळीत कुजबुज झाली. सचिव दुसऱ्या रांगेत, हाताची घडी घालून.

पाळकांनी प्रवचनाचा कागद आणला नव्हता. त्यांनी जुनं कार्ड वर धरलं आणि तीनही ओळी मोठ्याने वाचल्या.

"हे खोटं आहे," ते म्हणाले. "ही बाई तुमच्या-माझ्याहून आधीपासून प्रभूला ओळखते. या फोटोत ती प्रार्थना करते आहे. आपण तिच्या प्रार्थनेचा फोटो काढला आणि त्याच्याखाली लिहिलं, हिला प्रार्थना येत नाही. का? तर आपल्याला दया यावी म्हणून. आपली दया इतकी आळशी झाली आहे, की समोरचा माणूस आंधळा आणि अडाणी असल्याशिवाय ती उठून बसत नाही! मी तिथे शिकवायला जातो असं तुम्हाला सांगतो. मी तिथून शिकून येतो आणि इथे स्वतःचं म्हणून वाढतो. ज्या अनुभवी बाईचं वाक्य तुम्ही माझ्या तोंडून तीनदा ऐकलंत, ती हीच. आणि हे खोटं छापलं गेलं ते माझ्या सहीने. पाच वेळा. मी वाचलं नव्हतं. माझ्या घरी चार वर्षांचे गठ्ठे पट्टीसकट पडून आहेत. तुम्हाला रोज वापरा म्हणून सांगणाऱ्याच्या घरी."

पाळकीणबाई खाली पाहत होत्या.

"नव्या गठ्ठ्यात सतरा तारखेला फक्त फोटो आहे. खालची जागा कोरी आहे."

"मग खाली लिहायचं काय?" बेकरीवाल्याने मागून विचारलं.

"तिला दोन गुडघे आहेत. त्यांच्यापासून सुरुवात करा."

थोडं हसू पिकलं. मग बेकरीवाल्याची बायको उभी राहिली. ती चर्चमध्ये कधी बोलत नसे. "आणि बाकीची तीस माणसं?" ती म्हणाली. "ती तरी खरी आहेत का? का आम्ही आणखी तीस जणांना अंधारात बसवून ठेवलंय?"

हसू जागच्या जागी थिजलं. पाळकांनी सचिवांकडे पाहिलं. सचिव आपल्या बुटांकडे पाहत होते.

"मला माहीत नाही," पाळक म्हणाले. "पण फाईली आहेत. उद्या आम्ही दोघं बसून एकेक काढणार आहोत."

"उद्या मला वेळ नाही," सचिव म्हणाले.

"मग आज. उपासना संपली की लगेच. मी जेवलो नाही तरी चालेल."

"मलाही चालेल," शिवणआजी खुर्चीतून म्हणाल्या. "कात्री आणलीय मी."

त्या दिवशी शेवटच्या गीतानंतर सगळे उठले तरी आजी बसून होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते. पाळकीणबाईंनी वाकून ऐकलं. जुनी ओवी उसवून आजींनी नवी घातली होती:

सतराव्या दिवशी बाई, दिवा माझाच विझला,
सात समुद्रांच्या पार तिच्या ज्योतीनं लागला.

एकतीसपैकी अकरा फाईलींवर लाल पेन्सिल निघाली. ती एक वेगळीच लढाई होती आणि ती पुढे कितीतरी महिने चालली.

मंगळवारी पाळकांनी पुन्हा फोन लावला. या वेळी कागद नव्हता. जे झालं ते सांगितलं: कात्रीचं, कोऱ्या जागेचं, अकरा फाईलींचं, आणि एका म्हाताऱ्या शिंपिणीने विचारलेल्या प्रश्नाचं, की तुमचा उजवा जास्त दुखतो की डावा.

"उजवा," सुईणबाई म्हणाल्या. "तिला सांगा, गरम विटेचा शेक घे. पण वीट फडक्यात गुंडाळून."

"सांगतो." पाळकांनी ते वहीत लिहून घेतलं. "या वर्षी वर्गाला याल? म्हणजे... झालं ते विसरून?"

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "नऊ वर्षं झाली शिकवून, अजून तेच विचारता? विसरत नाही कुणी. बाजूला ठेवलंय. हाताशीच आहे." मग त्यांच्या आवाजात तो मागच्या बाकावरचा सूर आला, पाळकांना मागच्या वर्षी न ऐकू आलेला. "येईन. पण एक काम करा. तुमचा एक फोटो पाठवा. गिरणीच्या फाटकाशी आम्हीही कार्डं सुरू करतोय. पहिलं तुमचं."

"माझं? माझ्यासाठी प्रार्थना करणार तुम्ही?"

"चाळीस जणी. रोज. खालच्या तीन ओळी आमच्या आम्ही लिहू."

पाळक एकदम सावध झाले. "काय लिहिणार? म्हणजे, छापायच्या आधी मला एकदा दाखवाल ना?"

"तुम्ही मला दाखवलं होतं?" सुईणबाईंनी विचारलं.

त्याच दुपारी पाळकांनी फोटो पाठवला. डोळे मिटलेला.